आईच्या खाजेचं निदान तुकडा न काढता होईल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५९ वर्षांच्या, चोपडा तालुक्यात गावी राहतात. पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. तीन-चार वर्षांपासून खालच्या जागी खाज आहे, रात्री जास्त. पहिल्या डॉक्टरांनी न तपासताच बुरशीच्या गोळ्या आणि ट्यूब दिली, तीही तीनदा. दुसऱ्यांनी पाहिलं आणि ‘कोड आहे’ म्हणाले. जळगावच्या तिसऱ्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर ‘लायकेन स्क्लेरोसस’ लिहिलं, आणि डाव्या बाजूला जो जाड, खरखरीत चट्टा आहे, जो दोन महिन्यांपासून चिरतो आणि ज्यातून अधूनमधून रक्त येतं, त्याचा तुकडा (बायोप्सी) तपासायला पाठवू म्हणाल्या. आई नको म्हणतात. मामांचं म्हणणं, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. तुम्हाला जाणून घ्यायचंय की तिघांपैकी बरोबर कोण आणि तुकड्याशिवाय निदान होतं का. शेवटच्या ओळीत तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला हे होईल का, तेही विचारलंय.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं खानदेशातच काम करते, आणि हीच कहाणी सांगणाऱ्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना अमुकच आहे असं इथून सांगणार नाही. पण तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत, ते आधी सुटे करू या. पहिला, हा आजार लायकेन स्क्लेरोसस आहे का? हे बहुतेक वेळा नीट विचारून आणि नीट तपासून ठरतं, तुकडा लागत नाही. दुसरा, त्या डाव्या चट्ट्यात आणखी काही सुरू झालंय का? हे नुसत्या नजरेनं कुणालाच ठरवता येत नाही, कितीही अनुभव असला तरी. त्याला तुकडाच लागतो. तिसऱ्या डॉक्टरबाई तुकडा मागताहेत तो बहुधा या दुसऱ्या प्रश्नासाठी. आणि तुम्ही वर्णन केलंय तसा चट्टा असेल तर मीही तेच सांगितलं असतं.

आजाराबद्दल आधी थोडं. लायकेन स्क्लेरोसस म्हणजे कातडीची दीर्घकाळ चालणारी दाहाची अवस्था. ती मुख्यतः जननेंद्रियाच्या बाहेरच्या भागावर आणि गुदद्वाराभोवती येते. बायकांमध्ये ती दोन वयांत जास्त दिसते, पाळी यायच्या आधीच्या मुलींमध्ये आणि पाळी जाण्याच्या सुमारास किंवा नंतर. नेमकं कारण पूर्ण उलगडलेलं नाही, पण शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते असं मानायला चांगले आधार आहेत. या बायकांमध्ये थायरॉइडचे आजार आणि कोड हेही इतरांपेक्षा जास्त आढळतात. हा संसर्ग नाही. नवऱ्याकडून येत नाही, नवऱ्याला जात नाही, एका बाथरूममुळे घरात पसरत नाही, आणि अस्वच्छतेमुळे तर मुळीच होत नाही. हे आईंना स्पष्ट सांगा, कारण पुष्कळ बायका स्वतःला दोष देत बसतात आणि खाज सुटली की आणखी साबण, आणखी कडक गरम पाणी, फिटकरी, जंतुनाशक असं सगळं लावत जातात. त्यानं कातडी अजून सोलवटते.

आता तपासणी. माझ्या मते निम्मं निदान प्रश्नांत असतं, आणि प्रश्न विचारायची पद्धत महत्त्वाची. आमच्याकडे बाई येते ती ‘अंगावर पांढरं जातं’ किंवा ‘लघवीला जळजळ’ असं सांगत. खाज हा शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो. मग मीच विचारते, ‘माय, रातले झोप लागस का?’ त्यावर बऱ्याचदा सगळं बाहेर येतं, ‘नही वो बाई, रातले खाज ऊठस, आग पडस.’ झोपेतून उठवणारी, वर्षानुवर्षं चाललेली खाज हे या आजाराचं मोठं लक्षण. पण काहींना खाज जवळजवळ नसते. त्यांना नुसती आग होते, किंवा कातडी चिरते, किंवा काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्या कारणानं तपासताना आजार सापडतो. म्हणून खाज नाही एवढ्यावर मी तो नाकारत नाही.

मग विचारते, शौचाला त्रास होतो का, गुदद्वाराशी चिरा पडतात का? लघवी चिरलेल्या कातडीवरून जाते म्हणून झोंबते की आतून जळजळते? लघवी कपड्यात गळते का? सतत ओलसर राहणाऱ्या कातडीला हा आजार जास्त छळतो. थायरॉइडची गोळी चालू आहे का, शुगर आहे का, पिशवी काढलेली आहे का, आधी काय काय लावून झालं? संबंधांच्या वेळी दुखतं का, हेही विचारावं लागतं, पण मुलगी किंवा सून शेजारी बसलेली असताना बाई खरं सांगत नाही. मी दोन मिनिटं नातेवाइकांना बाहेर थांबवते. तुम्हालाही डॉक्टरांनी बाहेर बसायला सांगितलं तर रागवू नका.

‘आधी काय लावलं’ या प्रश्नावर मी बराच वेळ घालवते. मेडिकलमधून आणलेल्या ज्या ट्यूबा खाजेवर म्हणून घरोघरी फिरतात, त्यांतल्या कित्येकींमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. लायकेन स्क्लेरोसस असलेल्या बाईनं ती लावली की स्टिरॉइडमुळे चार-आठ दिवस बरं वाटतं. मग ती म्हणते, बुरशीच होती, ट्यूबनं बरी झाली. ट्यूब संपली की खाज परत. असं करत वर्षं निघून जातात. तीन वेळा बुरशीचं औषध घेऊन तीन वेळा परत येणारी खाज, हीच माझ्यासाठी थांबून नीट पाहण्याची खूण आहे. पाळी गेलेल्या, शुगर नसलेल्या आणि हार्मोनची गोळी न घेणाऱ्या बाईला योनीमार्गाचा बुरशी-संसर्ग वारंवार होणं तसं कमीच दिसतं. म्हणून आईंच्या सगळ्या ट्यूबा, अर्धवट संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

आता प्रत्यक्ष पाहणं. पहिल्या डॉक्टरांकडे नेमकं हेच राहिलं. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. चांगला उजेड, सोबत बाईमाणूस, बाईची परवानगी आणि दहा मिनिटं पुरतात. गुडघे दुखत असतील तर पाठीवर पाय फाकवून झोपायची सक्ती नसते. डाव्या कुशीवर वळून, वरचा पाय पोटाशी घेऊनही व्यवस्थित दिसतं. सोनोग्राफीनं हे कळत नाही, कारण ती आतले अवयव दाखवते आणि हा आजार बाहेरच्या कातडीचा आहे. याचं निदान करणारी रक्ताची तपासणीही नाही. मी रक्त सांगते ते शुगरसाठी, थायरॉइडची शंका असेल तर त्यासाठी, आणि कधी हिमोग्लोबिनसाठी.

मी बाहेरून आत जाते. मोठे ओठ, त्यांच्या आणि आतल्या पातळ ओठांच्या मधली खाच, आतले ओठ, वरचं शिश्निकेचं (क्लिटोरिसचं) आवरण, लघवीचं छिद्र, योनीचं तोंड, त्याखालची जागा आणि शेवटी गुदद्वाराभोवतीची कातडी. शेवटची जागा खूपदा सुटून जाते. पुढून मागे पांढरेपणा पसरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकार दिसला, की शंका फार उरत नाही. कातडी चकचकीत पांढरी, पातळ झालेली आणि बोटांनी हलकी चिमटली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुरकुतणारी असते. कातडीखाली रक्ताचे लालसर-जांभळे ठिपके दिसतात, कारण ती इतकी नाजूक झालेली असते की खाजवण्यानंही आत रक्त साकळतं. बारीक चिरा असतात. काही ठिकाणी मात्र सतत खाजवून कातडी उलट जाड आणि खरखरीत झालेली असते.

यानंतर रचना पाहायची, आणि माझ्या अनुभवात इथेच निदान पक्कं होतं. आतले पातळ ओठ आहेत का, की झिजून मोठ्या ओठांत विरून गेलेत? शिश्निकेवरचं आवरण मागे सरकतं का, की चिकटून ती पुरती झाकली गेलीय? योनीचं तोंड आक्रसलंय का? वयानं थोडा फरक पडतोच, पण ओठ नाहीसे होणं आणि शिश्निका गाडली जाणं हे नुसत्या वयानं होत नाही. मी हे सगळं एका साध्या आकृतीवर काढून ठेवते, म्हणजे पुढच्या भेटीला बदल कळतो. फोटो काढायचा असेल तर फक्त बाईच्या लेखी संमतीनं आणि तिच्या केसपेपरसाठी. तुम्हीही आईंचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर ओळखीच्या डॉक्टरांना पाठवत बसू नका. फोटोत कातडीचा पातळपणा किंवा घट्टपणा कळत नाही, आणि निदान त्यावरच असतं.

डोळ्यांनंतर बोट. प्रत्येक चट्टा हातानं चाचपायचा. मऊ आहे, की खाली काही घट्ट लागतंय? एकाच बिंदूवर दुखतंय का? मग दोन्ही जांघांत गाठी आहेत का ते पाहायचं. बाईला सोसवेल तर लहान स्पेक्युलमनं, म्हणजे योनीमार्ग उघडून धरणाऱ्या साधनानं, आतली बाजूही पाहायची. लायकेन स्क्लेरोसस साधारणपणे योनीमार्गाच्या आतल्या अस्तराला धरत नाही. आत लाल, सोललेलं, चिकटलेलं दिसलं तर मी लायकेन प्लेनस या वेगळ्या आजाराचा विचार करते आणि लगेच तोंड उघडायला लावते. त्या आजारात गालांच्या आतल्या बाजूला पांढरी जाळी किंवा हिरड्यांवर लालसरपणा सापडू शकतो. पाठ, मनगटं आणि स्तनांखालची कातडीही बघून घेते, कारण काही बायकांना लायकेन स्क्लेरोससचे पांढरे चट्टे तिथेही असतात.

आता दुसऱ्या डॉक्टरांचं ‘कोड’. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पांढरेपणा चटकन डोळ्यांत भरतो, त्यामुळे ही गल्लत आपल्याकडे सहज होते. फरक असा की कोडात फक्त रंग जातो. कातडी मऊ, लवचिक, जशीच्या तशी राहते, बहुधा खाजत नाही, रक्ताचे ठिपके पडत नाहीत, ओठ झिजत नाहीत. लायकेन स्क्लेरोससमध्ये कातडीचा पोतच बदलतो. दोन्ही एकाच बाईत असू शकतात, त्यामुळे बोटांच्या टोकांवर किंवा तोंडाच्या ओठांवर कोड दिसलं म्हणून खालचंही कोडच असं धरून चालत नाही. तुमच्या आईंना तीन-चार वर्षं रात्री जास्त होणारी खाज आहे आणि कातडी चिरतेय. नुसतं कोड असं करत नाही. ‘घरात कोड आहे’ या शब्दानं नातीच्या लग्नापर्यंतची काळजी सुरू होते हे मला ठाऊक आहे, म्हणून तो शब्द उच्चारण्यापूर्वी डॉक्टरनं कातडीला हात लावून पाहायलाच हवा.

आणखी काही गोष्टी सारख्या दिसतात, त्या भरभर सांगते. जांघेतला नायटा आपल्या उन्हाळ्यात घरोघरी असतो. त्याची कड लाल, उठावदार असते आणि तो मांडीवर पसरत जातो. कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी दिसते. पाळी गेल्यावर हार्मोन कमी झाल्यानं येणारा कोरडेपणा आग करतो, कातडी फिकट करतो, पण जाड पांढरे चट्टे आणत नाही. मात्र तो लायकेन स्क्लेरोससच्या जोडीला हमखास असतो आणि त्याचं वेगळं औषध द्यावं लागतं. नुसत्या खाजवण्यानं जाड होणारी कातडी बहुतेक केसाळ भागावर, मोठ्या ओठांवर असते आणि आतली रचना शाबूत राहते. साबण, पावडर, पॅड किंवा ट्यूबमधल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी वरून भर घालते. हे एकावर एक चढलेले असतात, म्हणून एक नाव सापडलं की तपासणी थांबवायची नाही.

आता तुकडा. चित्र वर सांगितल्यासारखं ठळक असेल, कुठे संशयास्पद जागा नसेल, तर मी तुकडा न घेता औषध सुरू करते आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघते. तुकडा मी घेते तो नजरेनं नक्की होत नसेल तेव्हा, नीट औषध घेऊनही एखादी जागा हटत नसेल तेव्हा, आणि कुठे जखम भरत नसेल, गाठ असेल, चामखिळीसारखं जाड झालं असेल, किंवा वेगळ्याच रंगाचा डाग असेल तेव्हा. यातल्या शेवटच्या प्रकारात तीन महिने थांबायचं नाही. तुमच्या आईंचा डावा चट्टा, जाड, चिरणारा, रक्त येणारा, दोन महिने टिकलेला, त्याच प्रकारात बसतो. तो निव्वळ खाजवण्यामुळे जाड झालेला निघण्याची शक्यता चांगली आहे. पण ‘शक्यता चांगली आहे’ यावर मी कुणाच्या आईला घरी पाठवणार नाही.

कारण सांगते. या आजारात त्या जागी कातडीचा कॅन्सर होण्याचा धोका सर्वसाधारण बायकांपेक्षा जास्त असतो. तरीही तो पाच टक्क्यांपेक्षा कमी धरला जातो, म्हणजे फार मोठ्या बहुसंख्येला कॅन्सर होत नाही. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी औषध नियमित लावलं त्या ३५७ जणींपैकी एकीलाही त्या जागचा कॅन्सर झाला नाही. अनियमित लावणाऱ्या १५० जणींपैकी सात जणींना कॅन्सर किंवा त्याआधीची अवस्था सापडली. म्हणून माझा भर दोन गोष्टींवर असतो. आजार लवकर ओळखून औषध नीट चालू ठेवायचं, आणि संशयाची जागा दिसली की वेळ न घालवता तपासायची.

मामांची भीती मी रोज ऐकते आणि तिला हसण्यावारी नेत नाही. ती कुठून आली हेही दिसतं. गावाकडे तुकडा काढायची वेळ येते तोवर आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो. तुकडा काढला, रिपोर्ट आला, आणि काही महिन्यांत माणूस गेलं. बघणाऱ्याला वाटतं, तुकड्यामुळे गेलं. खरं तर पसरलेलं आधीच होतं, तुकड्यानं फक्त नाव कळलं. कातडीचा असा छोटा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. मामांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं बरं. पुढच्या वेळी त्यांनाच सोबत न्या. तपासणीच्या वेळी ते बाहेर बसतील, बोलण्याच्या वेळी आत येतील.

तुकडा घेणं म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन झोपवणं नाही. आधी बधिर करणारं मलम, मग बारीक सुईचं इंजेक्शन. ते टोचताना काही सेकंद झोंबतं, हे आईंना आधीच सांगा, फसवू नका. मग तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या गोल पंचनं तुकडा घेतात, लागला तर एखादा विरघळणारा टाका. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. एक-दोन दिवस लघवीला झोंबतं, तेव्हा लघवी करताना तांब्यानं कोमट पाणी सोडत राहिलं की आराम पडतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण ती आपल्या मनानं बंद करू नका.

तुकडा कुठून घेतला यावर त्याची किंमत ठरते. जखमेच्या अगदी मधून घेतला तर नुसती मेलेली, सुजलेली कातडी येते, म्हणून कडेवरून घ्यायचा. जाड भाग असेल तर सगळ्यात जाड, सगळ्यात घट्ट जागेवरून. दोन जागा वेगवेगळ्या दिसत असतील तर दोन तुकडे, दोन वेगळ्या फॉर्मालिनच्या बाटल्यांत. आणि पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांना, पाठवायच्या कागदावर वय, जागा, संशय काय आहे आणि आधी कोणती ट्यूब लावली हे लिहायलाच हवं. अलीकडे जोरदार स्टिरॉइड लावलेलं असेल तर सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र फिकं पडतं. फक्त आजाराचं नाव ठरवायला तुकडा घ्यायचा असता तर मी काही आठवडे ट्यूब थांबवून मग घेतला असता. कॅन्सरचा संशय असेल तेव्हा त्यासाठी थांबत नाही.

हे सगळं एका छताखाली हवं असेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. स्त्रीरोग, त्वचारोग आणि पॅथॉलॉजी हे विभाग तिथे असतात. खासगीत दाखवायचं तरी हरकत नाही. हा आजार ज्यांनी पाहिलेला आहे असे त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ, कुणीही चालतील. डॉक्टर बाई आहे की पुरुष यापेक्षा ते उजेड लावून नीट पाहतात का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पण आईंना बाई डॉक्टरच हव्या असतील तर त्यांचा तो आग्रह मान्य करा.

उपचाराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी औषधाचा निदानाशी संबंध आहे म्हणून थोडं लिहिते. पहिलं औषध म्हणजे जोरदार स्टिरॉइडचं मलम, बहुधा क्लोबेटासोल ०.०५ टक्के, आणि शक्यतो क्रीम नव्हे, तेलकट ऑइंटमेंट. साधारण पद्धत अशी की महिनाभर रात्री एकदा, पुढचा महिना एकाआड एक दिवस, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे. लवकर संपली तर जास्त लागतंय, संपलीच नाही तर भीतीनं लावलं जात नाहीये. हे औषध डॉक्टरांनी तपासून, जागा दाखवून सुरू करायचं असतं. शेजारणीची ट्यूब आणून नव्हे, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत डाव्या चट्ट्याचा निकाल लागण्याआधी मनानं तर नक्कीच नाही. तीन महिन्यांनी मी पाहते की खाज गेली का, चिरा भरल्या का, जाड कातडी मऊ झाली का. पांढरेपणा पुरता जाईलच असं नाही आणि झिजलेले ओठ परत येत नाहीत, म्हणून तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं मी म्हणत नाही. पण सगळीकडे बरं होऊन एकच जागा हट्टानं तशीच राहिली, तर ती जागा तपासायला जाते. खाज थांबली तरी वर्षातून एकदा दाखवणं सोडायचं नाही.

तुमच्या मुलीबद्दल. काही घरांत हा आजार एकाहून जास्त जणींना दिसतो, पण आजीला आहे म्हणून नातीला होईलच असं अजिबात नाही. तिला काही त्रास नसेल तर काळजीपोटी तिची तपासणी करत बसू नका. खाज सुटते, लघवीला झोंबतं, शौचाला दुखतं म्हणून ती शौच रोखून धरते, किंवा तिथे पांढरेपणा आणि रक्ताचे ठिपके दिसतात, असं असेल तर मात्र दाखवा. लहान मुलींमध्ये चित्र ठळक असेल तर सहसा तुकडा घेत नाहीत. रक्ताचे ठिपके पाहून लैंगिक अत्याचाराची शंका येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरनं घाईनं कुणावर ठपका ठेवायचा नसतो, आणि कातडीचा आजार सापडला म्हणून ती शक्यता न विचारता सोडायचीही नसते. दोन्हींचा शांतपणे विचार व्हायला हवा.

राहता राहिला रिपोर्ट. तो आला की शेवटच्या परिच्छेदातलं निदान पाहा आणि कागद घेऊन डॉक्टरांना भेटा, फोनवर वाचून दाखवून विषय संपवू नका. लायकेन स्क्लेरोससशी जुळतं असं लिहिलं असेल आणि पेशींत बिघाड नसेल तर मलम सुरू होईल आणि तीन महिन्यांनी तीच डावी जागा पुन्हा चाचपून पाहिली जाईल. ‘नक्की सांगता येत नाही, फक्त दाह आहे’ असं आलं तर आजार नाही असा अर्थ नाही. डोळ्यांना दिसलेलं चित्र ठळक असेल तर उपचार तरीही करायचे, आणि चट्टा बदलला नाही तर पुन्हा तुकडा घ्यायचा. ‘डिफरन्शिएटेड व्हिन’ हे शब्द असतील तर ती कॅन्सरच्या आधीची अवस्था आहे, तिथे मलमावर न थांबता तेवढी जागा काढून टाकावी लागते. त्यासाठी स्त्रियांच्या कॅन्सरचं काम करणाऱ्या सर्जनकडे लगेच जायचं, केळीची कापणी किंवा कापूस वेचणी उरकण्याची वाट न पाहता. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे कातडीचा कॅन्सर, आला तरी तेच, आणि तेव्हा तो किती खोल गेलाय यावर ऑपरेशन किती मोठं ते ठरतं. म्हणूनच दोन महिन्यांचा चट्टा सहा महिन्यांचा होऊ देऊ नका.